मनमाड, इगतपुरी आणि टेबलावरचे इंजिन : वीज बदलते तेव्हा रेल्वेचे काय होते?

१/ गेवराईहून मुंबईला रेल्वेने जायचे ठरवले, तर १९७० ते १९९० या काळात प्रवास साधारण असा होई. आधी एस.टी.ने जालना. तिथून मीटर गेजची गाडी. मनमाडला ती सोडून, ट्रंका-वळकट्या उचलून ब्रॉड गेजच्या गाडीत चढायचे. पुढे इगतपुरीला ही गाडीही बराच वेळ थांबे. मात्र इथे प्रवाशांना उतरावे लागत नसे. प्रवासी चहा पीत, आणि पुढे जोडलेले इंजिन निमूटपणे बदलले जाई. मनमाडला गाडी का बदलावी लागते, हे प्रत्येकाला ठाऊक होते: रुळांची रुंदी वेगळी. पण इगतपुरीच्या पुढे-मागे रूळ तेच, तारही वरून गेलेली. मग इंजिन का बदलायचे? आजचा धागा या प्रश्नाचा आहे. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

२/ उत्तर एका वाक्यात सांगता येते. इगतपुरीच्या अलीकडच्या तारेत आणि पलीकडच्या तारेत दोन वेगवेगळ्या जातींची वीज होती. मुंबईच्या बाजूला १,५०० व्होल्टची दिष्ट, म्हणजे डीसी. भुसावळच्या बाजूला २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती, म्हणजे एसी. एका विजेसाठी घडवलेले इंजिन दुसऱ्या विजेवर चालू शकत नव्हते. पण हे एक वाक्य पुरेसे नाही. एकाच देशात, एकाच रेल्वेच्या एकाच मार्गावर दोन प्रकारची वीज आलीच कशी? आणि ती सीमारेषा पुसायला एकविसावे शतक का उजाडावे लागले?

३/ हे समजून घेण्यासाठी आधी एका टेबलाजवळ जाऊ. खेळण्यातल्या, अर्थात प्रतिकृतींच्या विजेच्या रेल्वेलाही हाच प्रश्न पडतो. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना या छोट्या जगाची कल्पना असेल. या छंदात दोन मोठी घराणी आहेत. एका घराण्यात दोन रूळ आणि दिष्ट वीज: एक रूळ धन, दुसरा ऋण. दुसरे घराणे जर्मनीच्या मेर्क्लिन या कंपनीचे. तिथे दोन्ही रूळ मिळून एक ध्रुव, आणि दुसरा ध्रुव रुळांच्या मधोमध, वीज प्रत्यावर्ती. इंजिनाच्या पोटाखालची एक पट्टी मधल्या टोकांवरून घासत जाते आणि वीज उचलते.

४/ आता पहिल्या घराण्याचे इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर ठेवा. काहीही होत नाही. दोन्ही चाकांखाली एकच ध्रुव असल्याने वीज वाहायला वाटच उरत नाही, इंजिन स्तब्ध. उलट करून पाहा. मेर्क्लिनच्या जुन्या इंजिनाची डावी-उजवी चाके धातूच्या आसाने थेट जोडलेली असतात. ते दोन रुळांच्या दिष्ट व्यवस्थेवर ठेवले, तर तो आसच धन आणि ऋण रुळांना एकमेकांशी जोडतो, आणि शॉर्ट सर्किट होते. एक चूक निरुपद्रवी, दुसरी घातक. दोन्ही इंजिनांची रुंदी मात्र सारखीच असते आणि ती एकाच रुळावर नीट बसतात. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. इगतपुरीच्या फलाटावर चहा पिणाऱ्या प्रवाशालाही तो कळत नव्हता.

५/ मग परक्या घराण्याचे इंजिन हाती आले तर छंदिष्ट काय करतो? त्याच्यापुढे चार वाटा असतात. पहिली: दोन वेगळे रूळमार्ग ठेवायचे आणि हद्दीवर इंजिन बदलायचे. दुसरी: इंजिन उघडून त्याची अंतर्गत रचना बदलायची. तिसरी: दोन्ही विजा समजणारे इंजिन घ्यायचे. चौथी: सगळा रूळमार्गच उखडून एकाच पद्धतीचा करायचा. महाराष्ट्रातील विद्युत रेल्वेच्या ९१ वर्षांच्या इतिहासात या चारही वाटा प्रत्यक्ष चोखाळल्या गेल्या. टेबलावर नव्हे, तर लाखो माणसे रोज वाहून नेणाऱ्या मार्गावर. क्रमाने पाहू.

६/ आरंभ: ३ फेब्रुवारी १९२५. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने भारतातील पहिली विजेची रेल्वे धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने निवडलेली वीज होती १,५०० व्होल्ट, दिष्ट. १९२८ मध्ये पश्चिमेकडील बी.बी. अँड सी.आय. रेल्वेने कुलाबा ते बोरिवली मार्गावर तीच वीज आणली. १९२९-३० मध्ये तार घाट चढून एकीकडे पुण्याला आणि दुसरीकडे इगतपुरीला पोहोचली. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ‘डेक्कन क्वीन’ ही याच विजेची कन्या.

७/ दिष्ट वीजच का? आज तो निर्णय चुकीचा वाटू शकतो. त्या काळी तो पूर्णपणे शहाणपणाचा होता. रेल्वे ओढायला सर्वांत योग्य अशी मोटार दिष्ट विजेवर चालणारी होती. थांबलेली जड गाडी हलवताना ती सर्वाधिक जोर लावते आणि वेग वाढला की जोर आपोआप कमी करते. साध्या, कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या प्रत्यावर्ती विजेवर असे काम करणारी भरवशाची मोटार तेव्हा नव्हती. ब्रिटनमध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही १९२१च्या सुमारास रेल्वेसाठी १,५०० व्होल्ट दिष्ट विजेचीच शिफारस केली होती. मुंबईने आपल्या काळातील उत्तमातील उत्तम निवडले.

८/ घाटासाठी आलेली इंजिनेही तशीच अव्वल होती. पुढे डब्ल्यूसीजी-१ असे नाव मिळालेली ही मालगाडीची इंजिने १९२८ पासून आली. त्यांतील पहिली स्वित्झर्लंडच्या विंटरटूर येथील एसएलएम कारखान्याने, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने बांधली. विजेची यंत्रणा मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची होती. मधोमध चालकाची केबिन, पुढे-मागे लांब नाके, आणि वळणावर मुरडणारे तीन भागांचे शरीर. चाकांना जोडणारे लोखंडी दांडे हलताना विचित्र आवाज होई, आणि कर्मचाऱ्यांनी तिला नाव दिले ‘खेकडा’. घाट उतरताना तिच्या मोटारी वीज निर्माण करून तारेत परत पाठवत. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात यांतील एक इंजिन आजही पाहता येते.

९/ या खेकड्याची एक सख्खी बहीण स्वित्झर्लंडमध्ये होती. एसएलएम कारखान्याचीच १९१९ पासूनची घडण, आल्प्सच्या घाटांसाठी. तिला लोक ‘मगर’ म्हणत. आकार जवळपास तोच, पण स्विस मगर १५,००० व्होल्टच्या, अतिशय मंद आवर्तनाच्या प्रत्यावर्ती विजेवर चाले आणि आपला खेकडा १,५०० व्होल्टच्या दिष्ट विजेवर. शरीर एक, रक्त वेगळे. १९४७ मध्ये मेर्क्लिनने या स्विस मगरीची छोटी प्रतिकृती बाजारात आणली आणि ती जगातील सर्वांत प्रसिद्ध खेळण्यांपैकी एक ठरली. म्हणजे टेबलावरचा आपला प्रश्न आणि कसारा घाटातला प्रश्न हे एकाच घराण्यातले आहेत.

१०/ आता दुसऱ्या विजेकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये एक जुने कोडे सुटले. कारखान्यांना आणि घरांना मिळते तीच ५० आवर्तनांची प्रत्यावर्ती वीज, मोठ्या दाबाने, थेट रेल्वेच्या तारेत सोडायची; ती दिष्ट करण्याचे काम इंजिनाच्या पोटातच करायचे. फ्रेंच रेल्वेने १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात हे प्रत्यक्ष मार्गांवर सिद्ध केले. भारताने १९५७ मध्ये याच पद्धतीची, २५,००० व्होल्टची, निवड केली आणि फ्रेंच रेल्वेचे तंत्रसाहाय्य घेतले.

११/ फरक किती मोठा आहे, हे एका गणिताने पाहा. समजा, एका गाडीला ३० लाख वॅट शक्ती हवी आहे. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. १,५०० व्होल्टवर प्रवाह लागेल २,००० अँपिअर. २५,००० व्होल्टवर केवळ १२०. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तार तीच धरली, तर दिष्ट व्यवस्थेतील हा तोटा सुमारे २७८ पट ठरतो. तो आवरायला तांब्याची जाड तार लागते आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र लागते. प्रत्यावर्ती व्यवस्थेत तार हलकी, आणि उपकेंद्रे साधारणतः पन्नासएक किलोमीटरच्या अंतराने असली तरी चालतात.

१२/ म्हणून १९६०च्या दशकात देशभर २५,००० व्होल्टची तार पसरू लागली. ती पूर्वेकडून भुसावळमार्गे इगतपुरीला आली आणि तिथे १९३०च्या दिष्ट तारेशी तिची गाठ पडली. अशा रीतीने इगतपुरी हे सीमेवरचे गाव झाले. पश्चिम रेल्वेवर तीच भूमिका विरारकडे आली. मुंबईचे जाळे एवढे मोठे आणि एवढे व्यग्र होते की ते बदलण्याचा विचारही कोणी सहजी करेना. पहिली वाट हीच: हद्द मान्य करा आणि हद्दीवर इंजिन बदला. वाट सोपी, पण प्रत्येक गाडीमागे वेळ जातो, फलाट अडून राहतो आणि इंजिनांचे दोन वेगळे ताफे पाळावे लागतात.

१३/ दुसरी वाट: इंजिनच बदलून घेणे. याचे सुंदर उदाहरण कोलकात्याकडून मुंबईला आले. भारताने २५,००० व्होल्टचा निर्णय घेतला त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९५७ रोजी, हावड्याजवळ ३,००० व्होल्ट दिष्ट विजेवर रेल्वे सुरू झाली होती. तिच्यासाठी इंग्लंडच्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीची, व्हल्कन फाउंड्रीत बांधलेली, डब्ल्यूसीएम-२ वर्गाची इंजिने मागवण्यात आली. परंतु हावड्याची ती व्यवस्था अल्पायुषी ठरली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथेही प्रत्यावर्ती वीज आली. तरुण, धडधाकट इंजिने बेकार झाली. १,५०० व्होल्टसाठी त्यांच्यात बदल करण्यात आले आणि ती मध्य रेल्वेवर मुंबईला येऊन राबू लागली.

१४/ अर्ध्या दाबावर इंजिन चालवणे म्हणजे काय, याचे तत्त्व समजून घेऊ. एकामागून एक, म्हणजे एकसर जोडलेल्या मोटारी दाब आपसात वाटून घेतात. ३,००० व्होल्ट दोन मोटारींत वाटले, तर प्रत्येकीला १,५०० मिळतात. तीच जोडणी १,५०० व्होल्टच्या तारेखाली आणली, तर प्रत्येकीला ७५० मिळणार. इंजिन चालेल, पण निम्म्या दाबावर, रडत-रखडत. म्हणून मोटारींचे गट, त्यांना नियंत्रित करणारे रोध आणि दिवे-पंख्यांसारख्या साहाय्यक यंत्रणा यांचा पुन्हा विचार करावा लागतो. टेबलावर मेर्क्लिनचे इंजिन दोन रुळांसाठी बदलणारा छंदिष्ट हेच करतो. विद्युतरोधक चाके बसवतो, पोटाखालची पट्टी काढतो, दोन्ही बाजूंच्या चाकांतून वीज उचलण्याची सोय करतो, आणि मोटारीतील तारेच्या वेटोळ्याच्या जागी कायम चुंबक बसवतो.

१५/ तो शेवटचा बदल कशासाठी? जुन्या मेर्क्लिन मोटारीत चुंबक विजेपासूनच तयार होतो. वीज उलटी केली, की चुंबकही उलटतो आणि मोटारीतील प्रवाहही. दोन उलट मिळून सुलट, मोटार त्याच दिशेने फिरत राहते. म्हणूनच ती प्रत्यावर्ती विजेवर चालू शकते. दिशा बदलण्यासाठी तिला क्षणभर जास्त दाबाचा, सुमारे २४ व्होल्टचा, झटका देऊन आतली कळ फिरवावी लागते. कायम चुंबक बसवला, की चुंबक स्थिर राहतो. रुळांतील धन-ऋण उलटे केले की इंजिन मागे जाते. बाहेरून कवच तेच, पण ‘मागे जा’ हे सांगण्याची भाषाच बदललेली. वीज बदलते तेव्हा इंजिनाला आज्ञा देण्याची रीतही बदलते, हे प्रतिकृतीवर काम करताना हाताला कळते.

१६/ याच दिष्ट युगात देशाला एक मानाचा क्षणही लाभला. पश्चिम बंगालमधील चित्तरंजन कारखान्याने बांधलेले भारतातील पहिले विद्युत इंजिन १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत बाहेर पडले. त्याचे नाव ‘लोकमान्य’. ते १,५०० व्होल्ट दिष्ट विजेवरचे, डब्ल्यूसीएम-५ वर्गाचे होते. म्हणजे केवळ मुंबईच्या जाळ्यासाठी. गंमत पाहा: देशाने चार वर्षांपूर्वीच वेगळी वीज स्वीकारली होती, आणि तरीही पहिले स्वदेशी विद्युत इंजिन जुन्या विजेसाठी घडले. कारण जुनी व्यवस्था निकालात निघाली म्हणून तिच्यावर रोज धावणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. त्यांना इंजिने लागतच राहतात.

१७/ तिसरी वाट: दोन्ही विजा जाणणारे इंजिन. पश्चिम रेल्वेवर विरारपलीकडे अहमदाबादपर्यंत प्रत्यावर्ती तार पोहोचली, आणि १९७५ पासून चित्तरंजनने डब्ल्यूसीएएम-१ ही इंजिने बांधली. नावातील ‘सी’ म्हणजे दिष्ट, ‘ए’ म्हणजे प्रत्यावर्ती, ‘एम’ म्हणजे मिश्र वाहतूक. दोन विजांच्या हद्दीवर तारेचा एक तुकडा मुद्दाम वीजविरहित ठेवलेला असे. चालक आधी वीज तोडी, गाडी आपल्या वेगाने तो तुकडा पार करी, आणि पलीकडे दुसऱ्या विजेची जोडणी करून पुन्हा शक्ती घेई. गाडी थांबत नसे. प्रवाशांना फार तर क्षणभर दिवे-पंख्यांपलीकडची शांतता जाणवे.

१८/ पण या दुहेरी जाणतेपणाची किंमत होती. डब्ल्यूसीएएम-१ मध्ये सहा मोटारी होत्या, प्रत्येकी साधारण ७५० व्होल्टच्या. प्रत्यावर्ती तारेखाली ट्रान्सफॉर्मरने दाब पायरीपायरीने वाढवता येई. सुरुवात हळुवार आणि काटकसरीची. दिष्ट तारेखाली ट्रान्सफॉर्मर निरुपयोगी. तिथे गणित मोटारींच्या जोडणीचे: सहाही एकसर जोडल्या, तर प्रत्येकीला २५० व्होल्ट, तीन-तीन जोडल्या, तर ५००, दोन-दोन जोडल्या, तर ७५०. मधल्या पायऱ्या रोध घालून, म्हणजे वीज उष्णतेत घालवून गाठायच्या. परिणामी हे इंजिन प्रत्यावर्ती विजेवर ३,६४० अश्वशक्तीचे, तर दिष्ट विजेवर २,९३० अश्वशक्तीचे होते. दोन भाषा येत, पण एकीत ते अडखळत असे.

१९/ पुढची पिढी अधिक सुधारलेली निघाली. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने १९९०च्या दशकाच्या मध्यावर डब्ल्यूसीएएम-२ आणि १९९७ पासून डब्ल्यूसीएएम-३ बांधली. डब्ल्यूसीएएम-३ प्रत्यावर्ती विजेवर ५,००० आणि दिष्ट विजेवर ४,६०० अश्वशक्ती देई. मध्य रेल्वेच्या गाड्या आता इगतपुरीला इंजिन न बदलता पुढे जाऊ लागल्या. याच दशकात मराठवाड्यातील मीटर गेजही ब्रॉड गेज झाले आणि मनमाडची ट्रंका उचलण्याची कवायत संपली. मात्र लक्षात घ्या: मनमाडची हद्द पुसली गेली, इगतपुरीची नाही. ती फक्त इंजिनाच्या पोटात शिरली. प्रत्येक दुहेरी इंजिन ती सीमा आपल्यासोबत, वजनाच्या आणि खर्चाच्या रूपाने वाहत होते.

२०/ म्हणून अखेर चौथी, सर्वांत कठीण वाट: सगळे जाळेच बदलणे. मुंबईत गर्दी वाढत गेली, गाड्या लांब झाल्या, आणि १,५०० व्होल्टच्या तारा त्यांना शक्ती पुरवता पुरवता थकू लागल्या. पण जाळे बदलायचे म्हणजे फक्त तारेत दुसरी वीज सोडायची, असे नव्हते. २५,००० व्होल्टची वीज हवेतून अधिक दूरवर उडी घेऊ शकते. तेव्हा तार आणि तिच्यावरचे पूल यांत जास्त अंतर हवे. एकोणिसाव्या शतकातील कित्येक पूल ठेंगणे होते. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडावा लागला, त्याचे एक मोठे कारण हेच होते.

२१/ त्याहून अदृश्य काम सिग्नलचे. रुळावर गाडी आहे की नाही, हे ओळखण्यासाठी रुळांतूनच एक क्षीण प्रवाह खेळवलेला असतो. तो इंजिनाच्या विजेत मिसळून घोटाळा होऊ नये, म्हणून दिष्ट विजेच्या मार्गावर सिग्नलचा प्रवाह प्रत्यावर्ती ठेवतात. तार प्रत्यावर्ती झाली, की हे गणितच उलटते. मग सगळी ओळखयंत्रणा बदलायची, आणि शेजारून जाणाऱ्या दूरध्वनीच्या व नियंत्रणाच्या केबलींचेही संरक्षण करायचे. हे सारे गाड्या चालू ठेवून, रात्रीच्या मोजक्या तासांत. शिवाय दरम्यानच्या काळात हद्द रोज सरकत राहणार. म्हणून दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल आधी घ्याव्या लागल्या. तिसरी वाट ही चौथ्या वाटेवरचा पूल ठरली.

२२/ पश्चिम रेल्वेने हे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंत पूर्ण केले. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग टप्प्याटप्प्याने बदलत जून २०१५ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसपर्यंत पोहोचला. उरला हार्बर मार्ग. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसला शेवटची दिष्ट विजेची लोकल धावली. १९२५ मध्ये पहिली विजेची गाडी ज्या दोन स्थानकांमध्ये धावली होती, त्याच दोन स्थानकांमध्ये, उलट दिशेने, ९१ वर्षांनी त्या विजेने निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी तार तीच दिसत होती. तिच्यातून वाहणारे शतक बदलले होते.

२३/ या कथेतून एक गोष्ट ध्यानात घ्यावीशी वाटते. १९२५चा निर्णय चुकीचा नव्हता, आणि १९५७चाही नव्हता. दोन्ही आपापल्या काळात योग्य होते; त्रास झाला तो त्यांच्या सांध्यावर. मूलभूत व्यवस्था एकदा जमिनीत रोवली, की तिचे कारण विसरले गेल्यावरही ती उरते, आणि पुढच्या पिढ्यांना तिच्याशी तडजोड करत जगावे लागते: आधी थांबून, मग दुरुस्ती करून, मग दोन्ही ओझी उचलून, आणि शेवटी मोठा खर्च सोसून ती बदलून. म्हणून इतिहास वाचताना ‘त्यांनी असे का केले?’ एवढ्यावर न थांबता ‘त्यांच्यापुढे तेव्हा काय काय उपलब्ध होते?’ हेही विचारावे.

२४/ आणि आपले गेवराई? १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंत रेल्वे सुरू झाली. ती डिझेलवर धावणारी डेमू गाडी होती. कित्येक दशके मागणी करून थकलेल्या जिल्ह्याला हा मार्ग उशिरा मिळाला, यात शंका नाही, आणि गेवराईच्या लोकांना रेल्वे गाठण्यासाठी अजूनही दुसऱ्या गावी जावे लागते. पण या नव्या रुळांना एक गोष्ट वारशाने मिळालेली नाही. इथे मीटर गेज नव्हते, १,५०० व्होल्टची तारही नव्हती. इथे जी तार येईल ती २५,००० व्होल्टचीच, आणि तिच्याखालून निघालेले इंजिन थेट मुंबईच्या टर्मिनसपर्यंत, विजेची एकही हद्द न ओलांडता, जाऊ शकेल. आजी-आजोबांना मनमाडला आणि इगतपुरीला जे थांबावे लागले, ते नातवंडांच्या वाट्याला येणार नाही.

२५/ शेवटी एक विनंती. घरात कोणी ज्येष्ठ असतील, तर त्यांना विचारा: मनमाडला गाडी कशी बदलायचे? सामान कोण उचलायचे? इगतपुरीला गाडी किती वेळ थांबे? दिष्ट आणि प्रत्यावर्ती हे शब्द त्यांना ठाऊक नसतील. पण त्या दोन विजांच्या सांध्यावर ते स्वतः बसलेले होते. त्यांची उत्तरे इथे खाली लिहा. यंत्रांचा इतिहास कारखान्यांच्या नोंदींत सापडतो. थांबण्याचा इतिहास मात्र ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यापाशीच असतो.